‘आज किती पोळ्या लाटू?’ : मालिकांतल्या रडण्याबद्दल थोडं नेमकं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मालिकांविषयी वाचकांची पत्रं येतात ती बहुधा दोनच सुरांत. एक सूर ‘रोजचं रडगाणं बंद करा’ असा, आणि दुसरा ‘कालच्या भागाने डोळ्यांत पाणी आणलं, सर्व कलाकारांचं अभिनंदन’ असा. दोन्ही पत्रं मनापासून लिहिलेली असतात, पण सेटवर राबणाऱ्या माणसाच्या हाती त्यातून काही लागत नाही. पाणी आलं ते कोणत्या प्रसंगात, कोणत्या वाक्याला, कुणाच्या चेहऱ्याकडे पाहून? आणि कंटाळा आला तो नेमका कशाचा? मालिका पाहून रडणाऱ्या माणसाला घरात आणि बाहेरही बावळट ठरवलं जातं, हे मला मुळीच पटत नाही. त्याचं रडू खरं असतं आणि कुणीतरी ते कारागिरीने घडवलेलं असतं. ती कारागिरी कशी चालते हे ठाऊक असेल तर चांगल्या कामाला दाद देता येते आणि नुसत्या पिळून काढलेल्या अश्रूंबद्दल ठाम बोलताही येतं.

एक प्रसंग घेऊ. स्वयंपाकघर, संध्याकाळची वेळ, आई पोळ्या लाटते आहे. मुलगा दारात येऊन सांगतो, ‘आई, आम्ही पुढच्या महिन्यात वेगळं राहायला जातोय.’ असला प्रसंग आला नाही अशी कौटुंबिक मालिका शोधावी लागेल. तो दोन तऱ्हांनी करता येतो.

पहिली तऱ्हा आपल्या ओळखीची आहे. आईच्या हातातून लाटणं पडतं, धाडकन आवाज होतो, कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर झेपावतो आणि तीच झेप आपल्याला तीनदा दाखवली जाते. मग सासरे, मग सून, मग नणंद, मग पुन्हा आई. प्रत्येकाला तीन-चार सेकंद, खाली सारंगी. अर्धा मिनिट जातो, आणि मुलाच्या वाक्यानंतर नवं काहीच कळलेलं नसतं.

दुसऱ्या तऱ्हेत लाटणं थांबत नाही, फक्त हाताची लय बिघडते. पोळी एका अंगाने पातळ होत जाते, कड फाटते. आई ती फाटलेली पोळी उचलते, तिचा पुन्हा गोळा करते, पिठात घोळवते आणि मुलाकडे न बघता विचारते, ‘आज किती पोळ्या लाटू?’ सीन इथेच तोडायचा.

हे दुसरं दृश्य पाहताना घशाशी येतं, कारण आजचा आकडा आणि पुढच्या महिन्यातला आकडा यांची वजाबाकी आपण मनात करतो. दुःख आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं, आपण ते शोधून काढलेलं असतं. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात विभाव (भाव जागवणारं कारण), अनुभाव (तो बाहेर दिसण्याची खूण) आणि व्यभिचारी भाव (येऊन-जाऊन असणारे भाव) यांच्या संयोगातून रस निर्माण होतो असं म्हटलं, ते सूत्र इथे जसंच्या तसं लागू पडतं. मुलाचं वाक्य आणि ते स्वयंपाकघर हा विभाव, फाटलेली पोळी हा अनुभाव. आणि त्यांनी दिलेल्या ३३ व्यभिचारी भावांत ‘अवहित्था’ नावाचा एक आहे. मनातला भाव चेहऱ्यावर दिसू न देण्याची धडपड, असा त्याचा अर्थ. आपल्याकडच्या घरांत बायका रडतात त्याहून जास्त वेळ रडू लपवतात. चांगली अभिनेत्री हे लपवणं करून दाखवते, म्हणून आपल्याला ते घरातलं वाटतं.

आता अश्रूंकडे येऊ. सेटवर ते दोन प्रकारे आणले जातात. ग्लिसरीनचा थेंब डोळ्याखाली गालावर ठेवायचा, किंवा ग्लिसरीन डोळ्याच्या कडेला लावायचं म्हणजे डोळा चुरचुरून स्वतःच पाणी काढतो. काही ठिकाणी डोळ्याखाली मेंथॉलची कांडी फिरवतात, तिच्या वाफेने तेच होतं. गालावर ठेवलेला थेंब ओळखू येतो. ग्लिसरीन दाट असतं, त्यामुळे तो थेंब चकाकतो, एका जागी तटून राहतो आणि खाली उतरतो तोही सावकाश. डोळ्याला लावलेलं ग्लिसरीन वेगळ्या खुणेने कळतं. कांदा चिरताना येतं तसलं ते पाणी, डोळ्याच्या रक्षणासाठी आलेलं. डोळे लाल होतात, पापण्या पुन्हा पुन्हा मिटतात, समोरच्याच्या नजरेला नजर टिकत नाही. त्या वेळी हनुवटी मात्र शांत असते.

माणूस आतून रडतो तेव्हा डोळ्यांआधी बाकीचा चेहरा बोलायला लागतो. भुवयांची आतली टोकं वर उचलली जातात, हनुवटीची कातडी सुरकुतते, खालचा ओठ आवरेनासा होतो. गळा आवळतो, आवंढा गिळला जातो आणि वाक्याच्या शेवटच्या अक्षरांत हवा उरत नाही. नाट्यशास्त्रात सात्त्विक भाव, म्हणजे मन हेलावलं की अंगावर आपोआप उमटणाऱ्या खुणा, आठ सांगितल्या आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय, म्हणजे शुद्ध हरपणं. ग्लिसरीन या आठांपैकी एक देतं. आवाज फुटणं, अंगाला कंप सुटणं, चेहऱ्याचा रंग उतरणं, थिजून जाणं हे बाटलीत मिळत नाही. तेव्हा एखाद्या कलाकाराने ग्लिसरीन वापरलं म्हणून त्याला कमी लेखू नये. बारा तासांच्या पाळीत तोच सीन सहा कोनांतून करायचा असेल तर मदत घ्यावीच लागते. अश्रू कुठून आला याला फारसं महत्त्व नाही. बाकीचे भाव सोबत आले का, एवढं पाहावं.

ते का येत नाहीत, याचीही कारणं समजून घेण्यासारखी आहेत. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वजा जाता २० ते २२ मिनिटांचा मजकूर असतो आणि आठवड्याला सहा, कधी सात भाग द्यावे लागतात. हातात ‘बँक’ म्हणजे आगाऊ चित्रित केलेले भाग कमी असतील तर संवादाची पानं त्याच दिवशी सेटवर येतात. कलाकार मेकअपच्या खुर्चीत बसून ती वाचतो. शिवाय चित्रीकरण गोष्टीच्या क्रमाने होत नाही, जागेच्या क्रमाने होतं. दिवाणखान्याचे सगळे सीन एका दिवशी, स्वयंपाकघराचे दुसऱ्या दिवशी. सकाळी रडण्याचा सीन केला तर पापण्या सुजतात आणि दुपारच्या साखरपुड्याच्या सीनमध्ये ती सूज दिसते. म्हणून रडण्याचा सीन बहुतेक वेळा दिवसाच्या शेवटी ठेवतात, आणि तोवर दहा तास उभं राहून कलाकाराचं अंग आंबलेलं असतं. भडक अभिनय बऱ्याचदा याच थकव्यातून येतो. बारीक काम करायला जी ताकद लागते ती उरलेली नसते, आवाज चढवणं त्या मानाने सोपं पडतं.

क्रमाचा आणखी एक मुद्दा आहे. जाणता दिग्दर्शक भावनेच्या सीनमध्ये क्लोज, म्हणजे चेहऱ्याचा जवळून घेतलेला शॉट, आधी काढून घेतो आणि मास्टर, म्हणजे सगळी खोली दिसणारा शॉट, मागून घेतो. पहिल्या एक-दोन टेकमध्ये जे ताजं असतं ते पाचव्या टेकला राहत नाही. दोन-तीन कॅमेरे एकदम लावले की वेळ वाचतो, पण मग प्रकाशही सगळ्या कोनांना चालेल असा सपाट ठेवावा लागतो. चेहऱ्यावर सावली म्हणून राहत नाही आणि अर्धा चेहरा अंधारात ठेवून जे सांगता आलं असतं ते निसटतं. डोळ्यांतली चमक मात्र सपाट प्रकाशातही आणता येते. लेन्सच्या जवळ एक लहान दिवा ठेवला की बुबुळात ठिपका उमटतो. तो ठिपका नसेल तर भरलेले डोळेसुद्धा विझलेले दिसतात.

प्रेक्षकाला दिसत नाही अशी आणखी एक अडचण म्हणजे क्यू, समोरच्याने आपल्याला द्यायचं वाक्य. क्लोज घेताना समोरचा कलाकार पुष्कळदा जागेवर नसतो. तो दुसऱ्या युनिटवर गेलेला असतो किंवा कपडे बदलत असतो. मग सहायक दिग्दर्शक हातात पान धरून त्याची वाक्यं एकसुरी वाचतो आणि अभिनेत्री लेन्सच्या शेजारी चिकटवलेल्या टेपच्या तुकड्याकडे बघत आपल्या नवऱ्याला जाब विचारते. असे शॉट ओळखता येतात. नजर एका बिंदूवर खिळलेली असते, समोरचा बोलताना ती त्याच्या डोळ्यांवरून ओठांवर जात नाही, आणि उत्तर देण्याआधी श्वास घेतलेला ऐकू येत नाही. तशाही शॉटमध्ये जी बाई आपल्याला रडवते तिचं कसब फार मोठं आहे, आणि त्याबद्दल कुठेही चार ओळी छापून येत नाहीत.

ऐकणं हा अभिनयाचा निम्मा भाग आहे, आणि मालिकांत सगळ्यात आधी बळी जातो तो त्याचाच. ‘रिअ‍ॅक्शन’ या नावाखाली जे दाखवलं जातं ते पुष्कळदा ऐकणं नसतंच. कलाकाराला एकदा उभं करून ‘डावीकडे बघ, धक्का, उजवीकडे बघ, राग, आता खाली बघ’ असे तुकडे काढून ठेवतात आणि संकलनात हवे तिथे पेरतात. हे चालून जातं याचं कारण फार जुनं आहे. रशियन दिग्दर्शक लेव कुलेशोव यांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी एका नटाचा एकच निर्विकार चेहरा आळीपाळीने सूपच्या ताटलीला आणि शवपेटीला जोडून दाखवला. पाहणाऱ्यांना त्यात कधी भूक दिसली, कधी शोक. आपण चेहऱ्यात शेजारच्या शॉटचा अर्थ ओततो. म्हणून चेहरा जितका कमी करेल तितकी आपल्याला जागा जास्त मिळते. मालिकेतली नणंद भुवई वर, ओठ तिरका, मान वळवून असं सगळं एकाच शॉटमध्ये करते, तेव्हा ओतायला जागाच राहत नाही. आपण फक्त बघत बसतो.

आवाजाबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून इथे जरा थांबते. मराठी मालिका बहुतांशी सिंक साउंडवर होतात, म्हणजे सेटवर बोललेलंच आपण ऐकतो. त्यासाठी टेक चालू असताना पंखे आणि एसी बंद ठेवतात. पत्र्याच्या छपरावर पाऊस आला की काम थांबतं. प्रत्येक कलाकाराच्या पदराआड किंवा सदऱ्यात छातीपाशी छोटा माइक लावलेला असतो. भरजरी साडीचा पदर त्यावर घासला की खरखर येते. छातीवर हात आपटून रडलं की तोच आवाज बॉम्बसारखा फुटतो. सर्वांत मोठी पंचाईत मिठीची. आई-मुलगी एकमेकींना बिलगल्या की दोन्ही माइक मध्ये दाबले जातात, वाक्यं गोधडीआडून आल्यासारखी ऐकू येतात, आणि ती पुढे डबिंगमध्ये पुन्हा बोलवून घ्यावी लागतात. थंड, बंद खोलीत, कानाला हेडफोन लावून, समोर कुणी नसताना ‘आई, नको ना गं जाऊस’ हे पुन्हा म्हणायचं! एखाद्या भागात मिठीतलं वाक्य अंगावर काटा आणून गेलं, तर त्यामागे बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक, धरून उभा राहिलेला ध्वनिमुद्रक असतो किंवा दुसऱ्यांदा तेवढंच खरं रडलेला कलाकार असतो. दोघांनाही दाद हवी.

पार्श्वसंगीताची तक्रार जुनी आहे आणि रास्त आहे. चूक बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होते. संगीत भावनेच्या आधी सुरू होतं. मुलाने तोंड उघडण्यापूर्वीच सारंगी सुरू झाली की आपल्याला कळतं, आता रडायचं आहे, आणि मन सावध होतं. तेच सूर ‘किती पोळ्या लाटू’ या वाक्यानंतर दोन सेकंदांनी, हलकेच आले असते तर त्यांनी आपल्याला आधार दिला असता. पण संगीताचा हा भडिमार नुसत्या अरसिकतेतून आलेला नाही. संध्याकाळी सात ते दहा ही मालिकांची वेळ आणि तीच घरात कणीक मळण्याची, डबे धुण्याची, मुलांचा अभ्यास घेण्याची. बऱ्याच घरांत मालिका बघितली जाते त्यापेक्षा जास्त ऐकली जाते. ओट्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या बाईला फाटलेली पोळी दिसणार नाही, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असतं. म्हणून तेच वाक्य दोनदा येतं, नावं घेऊन बोललं जातं, आणि धक्क्याला ढोल वाजतो. आता मात्र तोच भाग पुष्कळ जण रात्री मोबाइलवर, कानात हेडफोन घालून, चेहऱ्यापासून हातभर अंतरावर बघतात. त्या अंतरावर हनुवटीची सुरकुतीही दिसते. एकच भाग या दोन्ही प्रेक्षकांना पुरा पडत नाही, आणि निर्मात्यांनी अजून पहिल्यालाच धरून ठेवलं आहे असं माझं मत आहे.

त्याचं कारण मोजणीत आहे. टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या बार्क या संस्थेची मोजणी ५० हजारांहून जास्त निवडक घरांतल्या यंत्रांवर चालते. वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी खूण मिसळलेली असते, ती यंत्र ओळखतं, आणि घरातला माणूस आपलं बटण दाबून आपण बघतोय हे नोंदवतो. शनिवार ते शुक्रवार असा आठवडा धरून आकडे पुढच्या गुरुवारी येतात. हे यंत्र मिनिटं मोजतं. रडत पाहिलेला मिनिट, शिव्या देत पाहिलेला मिनिट आणि टीव्ही चालू ठेवून फोनवर बोलत घालवलेला मिनिट, तिन्ही सारखेच. तेव्हा ‘किती चीड आणणारी मालिका आहे’ असं म्हणत रोज तीच लावणारा प्रेक्षक गुरुवारच्या आकड्यात चाहत्यांमध्येच मोजला जातो. चीड खरी असेल तर वाहिनी बदलणं हाच त्या यंत्राला कळणारा शब्द आहे.

आता त्या चिडीबद्दल. खलनायिका साकारणाऱ्या अभिनेत्रींना समाजमाध्यमांवर ज्या भाषेत लिहिलं जातं ते वाचवत नाही. त्यांचं रूप, संसार, मुलं काहीही सोडलं जात नाही. येवल्याच्या ललिता पवार यांचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावं. १९४२ मध्ये चित्रीकरणात बसलेल्या थपडेने त्यांच्या चेहऱ्याला अर्धांग झालं आणि डावा डोळा कायमचा बारीक झाला. कामावर झालेल्या अपघाताची ती खूण प्रेक्षकांनी पुढे दुष्टपणाची खूण मानली. पण त्याच डोळ्याने त्यांनी ‘अनाडी’मधली मायाळू घरमालकीण केली आणि फिल्मफेअर पुरस्कार मिळवला. पुढे दूरदर्शनवरच्या ‘रामायणा’त त्या मंथरा झाल्या. डोळा एकच, राग आला तो कामामुळे आणि माया वाटली तीही कामामुळेच.

प्रेक्षकाला हा फरक कळत नाही असंही नाही. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी ‘रामायण’ लागायचं तेव्हा टीव्हीला हार घालणारी, उदबत्ती लावणारी माणसं होती, याला आजही सगळे हसतात. पण त्याच मालिकेत रावण झालेले अरविंद त्रिवेदी १९९१ मध्ये साबरकांठ्यातून लोकसभेवर निवडून गेले, आणि सीता झालेल्या दीपिका चिखलिया त्याच वर्षी बडोद्यातून. सीतेला पळवून नेणाऱ्या नटालाही लोकांनी मत दिलं. भाबडेपणाचा शिक्का मारण्याआधी हे आठवावं.

जिव्हाळा मात्र खोल असतो, आणि त्याचा हिशोब साधा आहे. रोज बावीस मिनिटं, आठवड्याला सहा दिवस, म्हणजे दोन तासांहून जास्त. ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांहून जास्त भाग झाले. सुरुवातीला पहिलीत असलेलं मूल ती संपता संपता बारावीला पोचलं. सख्ख्या मावशीचा चेहरा आपण इतका वेळ पाहत नाही. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकन अभ्यासकांनी १९५६ मध्येच या एकतर्फी ओळखीबद्दल लिहिलं. पडद्यावरचा माणूस आपल्याला ओळखत नाही, तरी आपण त्याला ओळखतो आणि त्याच्या सुखदुःखाला धरून राहतो, अशी ती मांडणी. म्हणून मधेच कलाकार बदलला की घरातलं माणूस गेल्यासारखं वाटतं. खाली एक पट्टी फिरवून नवा चेहरा जुन्या नावाने उभा करणं ही प्रेक्षकाशी केलेली बेपर्वाई आहे. निदान पहिले चार-पाच भाग नव्या कलाकाराला शांत सीन द्यावेत. जुन्या नात्यातली एखादी सवय, चहा गाळण्याची किंवा मुलाला हाक मारण्याची पद्धत, त्याच्याकडून करून घ्यावी. माणूस चेहऱ्याआधी लकबीने ओळखीचा होतो.

शेवट माहीत असला की रडू येत नाही, हाही एक गैरसमज. २०१७ ते २०२० या काळात ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ चालू होती तेव्हा ११ मार्च १६८९ ला काय झालं हे न सांगता ठाऊक असलेलेच बहुतेक प्रेक्षक होते. ठाऊक असल्यामुळेच आधीचा प्रत्येक हसरा प्रसंग जड झाला. ‘आता काय होईल’ याच्या टांगणीपेक्षा ‘हे होणार आहे आणि याला माहीत नाही’ याने माणूस जास्त हलतो. रोज भागाच्या शेवटी दार उघडताना चेहरा गोठवून ठेवणाऱ्यांनी यावर विचार करावा.

कथानक एकच असलं तरी भावना एक राहत नाही, याचा दाखला ‘आई कुठे काय करते’ने दिला. मूळ गोष्ट बंगालीतल्या ‘श्रीमोयी’ची, तिथे इंद्राणी हलदार, मराठीत मधुराणी प्रभुलकर, हिंदीत तीच ‘अनुपमा’ होऊन रूपाली गांगुली. नवऱ्याच्या विश्वासघाताचा कणा तिन्हीकडे तोच. पण मधुराणीची अरुंधती जेव्हा आवाज न चढवता, वाक्य अर्धं सोडून उठते, तेव्हा मराठी घरातली गिळून टाकण्याची सवय दिसते. हे श्रेय कथेचं नाही, करणारीचं आणि तिची वाक्यं लिहिणाऱ्याचं आहे.

आपल्याला आलेलं रडू कशामुळे आलं हे तपासायचं असेल तर घरीच करून पाहता येतं. मोबाइलवर तो प्रसंग पुन्हा लावा आणि आवाज पूर्ण बंद करा. तरी पोटात तुटलं तर ते अभिनयाचं काम. मग डोळे मिटून नुसतं ऐका. आवाज फुटण्याची जागा वाक्याच्या अर्थाशी जुळते का बघा. ‘मी ठीक आहे’ मधल्या ‘ठीक’वर फुटणारा आवाज आणि ‘आहे’वर फुटणारा आवाज वेगवेगळं सांगतात. तिसऱ्यांदा बोलणाऱ्याला सोडून ऐकणाऱ्याकडे बघा. चौथ्यांदा प्रतिक्रियांचे शॉट मोजा. सलग चारपेक्षा जास्त माणसांचे चेहरे आले आणि त्यात कुणाचाच निर्णय बदलला नाही, तर तो वेळ भरलेला आहे.

जिथे खरोखर आक्षेपार्ह काही असेल, म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी किंवा बाईची विटंबना, तिथे समाजमाध्यमावर संताप ओतून उपयोग नाही. केबल टेलिव्हिजन नियमांतल्या कार्यक्रम संहितेत या दोन्ही गोष्टींना मनाई आहे. वाहिनी, मालिका, तारीख, वेळ आणि प्रसंग लिहून आधी वाहिनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे पाठवावं. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार त्यांनी २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत वाहिनीच्या स्वयंनियमन संस्थेकडे अपील करता येतं, तिला ६० दिवसांची मुदत असते, आणि तिच्यानंतर केंद्र सरकारकडे. अभिनय रटाळ आहे ही तक्रार या वाटेने जात नाही. ती जागा वृत्तपत्राची आहे.

म्हणून आपल्याकडे एक मागणी. नाटक आणि सिनेमाचं परीक्षण आपण छापता. मालिकेबद्दल मात्र छापून येतं ते कोण सोडून गेलं, कुणाचं लग्न ठरलं आणि पुढे काय ट्विस्ट येणार. रंगभूमीवरच्या नटाला हशा, टाळी आणि ‘वन्स मोअर’ जागच्या जागी मिळतो. मालिकेतला कलाकार टेपच्या तुकड्यासमोर रडतो आणि दिग्दर्शकाचं ‘ओके, नेक्स्ट’ ऐकून पुढच्या सीनला लागतो. आठवड्यातून एकदा, दोनशे शब्दांची जागा द्या. एकच प्रसंग घ्यायचा. वाहिनी, तारीख, कुणी केला, कुठे जमला, कुठे सुटला. संवाद कुणी लिहिले, संकलन आणि ध्वनिमुद्रण कुणाचं, हेही नावानिशी छापायचं, कारण पडद्यावरची श्रेयनामावली एक तर भर्रकन जाते किंवा दिसतच नाही. दर आठवड्याचा प्रसंग वाचकांनीच सुचवावा, अट एवढीच की ‘छान होता’ न लिहिता ज्या क्षणी डोळे भरले त्या क्षणाचं वाक्य किंवा हालचाल लिहून पाठवायची.

आपली विश्वासू,
मालिकांच्या संकलनकक्षात काम करणारी एक वाचक, ठाणे